लाल डागातली हिरवी बेटं

आपल्या बोलण्यातला वणवा नेहमी पसरतो. बातमी वणव्यासारखी पसरते, अफवा पसरते, साथ पसरते. वणवा अडखळला, वळसा घालून गेला, मधलं काहीतरी तसंच सोडून पुढे सरकला, असं कुणी म्हणत नाही. आपल्या वाक्प्रचारांनी आगीचा वेग उचलला आणि ती सलग असते हे गृहीत धरलं. बातम्याही तेच करतात. 'इतके हेक्टर जंगल खाक' एवढं छापून आलं की विषय संपतो.

प्रत्यक्षात मोठ्यात मोठ्या वणव्याच्या आतही न जळलेले तुकडे बहुतेकदा राहतात. ओढ्याकाठची झाडी, खडकांच्या आडोशाला वाढलेला झाडांचा पुंजका, ऊन कमी लागणारा ओलसर उतार, दलदलीचा काठ. कधी ऐन वेळी वारा फिरला म्हणून वाचलेली एखादी पट्टी. परिसंस्थेचे अभ्यासक यांना 'फायर रेफ्यूजिया' म्हणतात, म्हणजे आगीतली आसऱ्याची ठिकाणं. कधी नुसतं 'आयलंड' म्हणतात. मराठीत यासाठी शब्द तयारच आहे. पाण्यानं वेढलेल्या जमिनीला आपण बेट म्हणतो आणि एकत्र वाढलेल्या बांबूलाही बेटच म्हणतो. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

या लेखात मला वणव्याची चार कथनं तपासायची आहेत: एक ॲनिमेशनपट, एक नकाशा, एक पुस्तक आणि महाभारतातला एक प्रसंग. चौघांना लावायची कसोटी एकच. आग विझल्यावर काय उरलं आणि ते नेमकं कुठे उरलं, हे कथन सांगतं का? माझ्या मते वणव्याच्या कुठल्याही गोष्टीचा पुढचा भाग त्या उत्तरावर अवलंबून असतो, आणि आपल्याला सर्वाधिक परिचित असलेली कथनं नेमकं तेच गाळतात.

बॅम्बी आणि मधला कट

डिस्नेचा 'बॅम्बी' १९४२ सालचा. पाडसाची आई मारली जाते तो प्रसंग सिनेमा न पाहिलेल्यांनाही माहीत असतो. शेवटाकडे शिकाऱ्यांच्या शेकोटीतून आग निघते आणि जंगल पेटतं. जखमी बॅम्बीला त्याचा बाप उठवतो, दोघं ज्वाळांमधून धावत पाण्यापर्यंत येतात. बाकीचे प्राणी तिथे एका बेटावर आधीच जमलेले असतात. फेलीनही तिथेच भेटते. समोर सगळं जळतंय आणि ओलेते, थकलेले प्राणी एकमेकांना बिलगून उभे आहेत.

वणव्यातल्या आसऱ्याचं इतकं स्पष्ट चित्र लोकप्रिय सिनेमात क्वचितच आलं असेल. पण ते काही क्षणच टिकतं. लगेच कट होतो आणि वसंत येतो. जंगल पुन्हा भरलेलं आहे, फेलीनला जुळी पाडसं झाली आहेत. मधलं काहीच दिसत नाही. बेटावरून कोण परतलं, कोण परतू शकलं नाही, पहिल्या पावसात राखेखालून काय उगवलं, आणि मुळात बी कुठून आलं? सिनेमासाठी बेट ही प्रतीक्षालयासारखी जागा आहे. आग जाईपर्यंत थांबायचं आणि मग आपापल्या घरी जायचं. प्रत्यक्षात घर उभं करायला लागणारं सामान त्या बेटावरूनच जाणार असतं.

मुलांच्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा करावी का? हा सिनेमा लहान मुलांपुरता राहिला असता तर मीही केली नसती. पण १९४४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेनं वणवाविरोधी प्रचारासाठी बॅम्बीचं चित्र वापरलं. डिस्नेनं ते वर्षभरापुरतंच दिलं होतं. मग वनसेवेला स्वतःचा प्राणी हवा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोपी घातलेलं अस्वल, 'स्मोकी बेअर', जन्माला आलं. 'वणवे फक्त तुम्हीच रोखू शकता' अशा आशयाची त्याची घोषणा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

धोरण मात्र सिनेमाच्याही आधीचं. १९३५ पासून वनसेवेचा नियम होता की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. 'बॅम्बी'नं या नियमाला चेहरा दिला. माणसाच्या चुकीनं लागणारी, सगळं गिळणारी आग आणि तिच्यापुढे निरागस प्राणी. वीज पडून लागणारी, थोडं जाळून थोडं सोडणारी आग या चित्रात बसत नव्हती. ज्या जंगलांत दर काही वर्षांनी हलकी आग येऊन जमिनीवरचं गवत-पाचोळा तेवढा जळून जायचा, तिथे दशकानुदशकं तो साठत गेला. रोपटी दाटली. मग आग लागली ती थेट शेंड्यांपर्यंत पोचली.

यलोस्टोन: छत्तीस टक्क्यांच्या आत

बॅम्बीच्या चित्राची मोठी परीक्षा १९८८च्या उन्हाळ्यात झाली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानानं १९७२ पासून विजेनं लागलेल्या काही आगी जळू द्यायचं धोरण घेतलं होतं. १९८८ चा उन्हाळा अतिशय कोरडा गेला. जुलैच्या उत्तरार्धात सगळ्या आगी विझवायचा निर्णय झाला, तोवर उशीर झाला होता. २० ऑगस्टला एकाच दिवसात सुमारे ६०,००० हेक्टरवर आग फिरली. सप्टेंबरमध्ये ती 'ओल्ड फेथफुल' या प्रसिद्ध गरम पाण्याच्या कारंज्याजवळच्या लाकडी हॉटेलपर्यंत आली. त्या मोसमात सुमारे २५,००० माणसं आणि १२ कोटी डॉलर खर्ची पडले. शेवटी सप्टेंबरच्या मध्याला पडलेल्या पाऊस-बर्फानं आगीचा जोर मोडला.

उद्यानाचा ३६ टक्के भाग, म्हणजे जवळपास ३ लाख २० हजार हेक्टर, आगीच्या कक्षेत आला. हा आकडा त्या वर्षापासून आजतागायत सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण परिसंस्था अभ्यासक मोनिका टर्नर, विल्यम रोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ३६ टक्क्यांच्या आत पाहिलं. त्यांना सलग काळं मैदान दिसलं नाही. शेंड्यासकट जळलेले पट्टे, फक्त जमिनीवरून आग गेलेले पट्टे आणि अजिबात न जळलेले तुकडे एकमेकांत मिसळलेले होते, गोधडीसारखे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष क्षेत्रफळाबद्दल नाहीच, अंतराबद्दल आहे. तीव्र जळलेल्या जागांपैकी बहुतेक जागा न जळलेल्या किंवा हलक्या जळलेल्या जंगलापासून ५० ते २०० मीटरच्या आत होत्या. 'छत्तीस टक्के खाक' ऐकून मनात जे उभं राहतं त्यात शेदोनशे मीटरवर जिवंत झाड असेल असं कुणाला वाटेल?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. यलोस्टोन पुन्हा उगवलं ते सगळं या हिरव्या तुकड्यांमुळे, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. तिथलं मुख्य झाड लॉजपोल पाइन. त्यातल्या अनेक झाडांची शंकूफळं राळेनं घट्ट बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनं उघडतात. झाड मरतं आणि त्याच वेळी आपलं बी खाली सोडून जातं. अशा झाडाला शेजारच्या बेटाची गरज कमी. जळलेलं जंगल म्हणजे स्मशान, हेही खरं नाही. काळ्या पाठीचा एक सुतार पक्षी ताज्या जळालेल्या खोडांतल्या अळ्यांवरच जगतो आणि आग लागून गेलेलं रान शोधत येतो. तर व्हाइटबार्क पाइनचं बी क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी गळ्याखालच्या पिशवीत भरून कित्येक किलोमीटर नेतो आणि जमिनीत पुरून ठेवतो. विसरलेलं बी उगवतं. म्हणजे 'जिवंत झाडापासून किती दूर' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जातीसाठी वेगळं आहे. पण प्रश्न तोच राहतो.

भोकं नसलेला पॉलिगॉन

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे वणव्याच्या नकाशाकडे माझी नजर जरा वेगळ्या कारणानं जाते. नकाशावर एखादं क्षेत्र दाखवायचं तर आपण पॉलिगॉन काढतो, म्हणजे बिंदू जोडून केलेली बंद आकृती. जिओजेसनसारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फॉरमॅटमध्ये एका पॉलिगॉनला अनेक कडी देता येतात. पहिलं कडं बाहेरची हद्द. त्यानंतरची प्रत्येक कडी म्हणजे आतलं भोक, 'हा भाग यात धरू नका' असं सांगणारं. तळ्यातलं बेट दाखवायला हेच वापरतात. म्हणजे न जळलेला तुकडा नोंदवायची सोय तंत्रज्ञानात पहिल्यापासून आहे. तरी बातम्यांत आणि फोनवर आपल्याला दिसणाऱ्या आगीच्या हद्दीत बहुधा एकच कडं असतं. आत सगळं लाल.

याला कारण आहे. ही हद्द आग विझवणाऱ्यांसाठी काढलेली असते. आग कुठवर पोचली, रस्ता कुठे बंद करायचा, कुठलं गाव रिकामं करायचं, हे ठरवायला बाहेरची रेषाच लागते. गडबड पुढे होते. ती रेषा आपलं मूळ काम सोडून दुसऱ्याच कामाला लागते. तिच्या आतलं सगळं क्षेत्रफळ मोजलं जातं आणि 'इतकं जळालं' म्हणून सांगितलं जातं. क्रिस्टल कोल्डन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये योसेमिटी, ग्लेशियर आणि अलास्कातलं युकॉन-चार्ली या तीन ठिकाणच्या वणव्यांत नेमका हाच फरक तपासला: नकाशावर जळलेलं किती आणि खरोखर जळलेलं किती. तिन्ही ठिकाणी रेषेच्या आत दखल घ्यावी इतकं न जळलेलं रान निघालं.

हे शोधायची पद्धत समजायला अवघड नाही. टवटवीत पानं डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परावर्तित करतात. जळलेली, कोरडी जमीन त्याहून लांब तरंगलांबीचा इन्फ्रारेड जास्त परत पाठवते. लँडसॅट उपग्रहाच्या आगीआधीच्या आणि नंतरच्या चित्रांत या दोन्हींचं प्रमाण किती बदललं ते मोजलं की आगीची तीव्रता कळते. अमेरिकेत या पद्धतीनं १९८४ पासूनच्या मोठ्या वणव्यांचे नकाशे केलेले आहेत. पण इथेही मर्यादा आहे. लँडसॅटचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन. त्याहून लहान पुंजका शेजारच्या राखेत मिसळून जातो. उलट, दाट शेंड्यांखालून सरपटत गेलेली आग वरून दिसतच नाही.

आणि लहान पुंजका किती महत्त्वाचा असतो, ते साध्या गणितानं कळतं. समजा, १,००० हेक्टरचं वर्तुळ सलग जळालं, आत एकही झाड वाचलं नाही. त्याची त्रिज्या येते सुमारे १.८ किलोमीटर. समजा, झाडाचं बी २०० मीटरपर्यंत पोचतं. मग बाहेरच्या जंगलाचं बी कडेच्या २०० मीटरच्या पट्ट्यातच पडेल, म्हणजे साधारण २१ टक्के भागात. मधले ७९० हेक्टर टप्प्याबाहेर. आता त्या मधल्या भागात वीस-वीस मीटर व्यासाचे ५० पुंजके वाचले असं धरा. सगळे मिळून जेमतेम दीड हेक्टर. पण प्रत्येकाभोवतीचं २०० मीटरचं वर्तुळ साडेबारा हेक्टरचं. पुंजके नीट विखुरलेले असतील तर सहाशे हेक्टर बियांच्या टप्प्यात येतात. बातमीत पहिली आग १,००० हेक्टरची, दुसरी ९९८ हेक्टरची. आकड्यांत फरक शून्य. पन्नास वर्षांनी एका ठिकाणी जंगल असण्याची शक्यता आहे, दुसऱ्या ठिकाणी झुडपं आणि गवत.

खऱ्या जगात वारा असतो, उतार असतो, बी खाणारे उंदीर असतात, पुढचा उन्हाळा कोरडा निघतो. तरी गणिताचा रोख चुकत नाही, हे कोलोरॅडोत दिसलं. २००२ सालचा हेमन वणवा सुमारे ५६,००० हेक्टरचा. ९ जूनला एकाच दिवसात त्यातले २४,००० हेक्टर गेले. इथलं मुख्य झाड पाँडेरोसा पाइन. त्याची शंकूफळं राळेनं बंद राहत नाहीत, आणि बी जड, फार लांब जात नाही. जिथे आगीनं मोठमोठे सलग पट्टे पूर्ण मारले, तिथे मधोमध अनेक वर्षांनीही पाइनची रोपं फारच तुरळक होती. यलोस्टोनपेक्षा ही आग कितीतरी लहान. क्षेत्रफळाच्या यादीत ती खाली येईल. आतल्या अंतरांची यादी केली तर बरीच वर येईल.

काळ्यात एक पाय

मग आग विझवणाऱ्यांना ही हिरवी बेटं वाचवावीशी का वाटत नाहीत? उलट, अनेकदा ते आतले न जळलेले तुकडे मुद्दाम पेटवून देतात. हे ऐकून मला आधी राग आला. नॉर्मन मॅक्लीन यांचं 'यंग मेन अँड फायर' वाचल्यावर तो ओसरला.

मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायचे. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ साली आलं. विषय आहे ५ ऑगस्ट १९४९ रोजी मॉन्टानातल्या मान गल्च नावाच्या घळीत घडलेली दुर्घटना. पॅराशूटनं उतरलेली आग विझवणाऱ्यांची तुकडी ज्वाळांच्या कचाट्यात सापडली आणि १३ जण मेले. तुकडीचा प्रमुख वॅग डॉज यानं पळता पळता एक अजब गोष्ट केली. समोरच्या गवताला स्वतःच काडी लावली, ते जळून गेल्यावर त्या गरम राखेत पालथा पडला आणि इतरांनाही बोलावलं. कुणी थांबलं नाही. मोठी आग त्याच्याभोवतून निघून गेली, कारण त्याच्याखाली जळायला काही उरलं नव्हतं. डॉज वाचला.

आग विझवणाऱ्यांमध्ये 'एक पाय काळ्यात ठेवा' अशा अर्थाचं वचन आहे. काळं म्हणजे आधीच जळलेलं, म्हणून सुरक्षित. हिरवं म्हणजे अजून जळू शकणारं. त्यांच्या भाषेत हिरव्याला नावच 'इंधन' आहे. आगीच्या हद्दीत राहिलेलं हिरवं बेट चार दिवसांनी वारा सुटल्यावर भडकू शकतं आणि ठिणग्या रेषेपलीकडे टाकू शकतं. त्यांच्या दृष्टीनं ते अपुरं राहिलेलं काम आहे. मान गल्चचे तेरा क्रूस डोळ्यापुढे असणाऱ्याला 'ते बेट राहू दे, त्यातून बी मिळेल' असं सांगणं सोपं नाही.

मॅक्लीन यांच्या पुस्तकाचं मोठेपण हे की ते त्या उतारावर पुन्हा पुन्हा जातात. कोण कुठे पडला, उतार किती होता, गवत किती उंच होतं, आग कोणत्या वेगानं आली, हे पावलापावलानं मोजतात. आगीला सलग लाल डाग न मानता तिच्या आतली प्रत्येक जागा वेगळी आहे, हे त्यांना ठाऊक आहे. एका माणसाला पुरेल एवढी राख आणि तिच्या बाहेरचं गवत यांत जीवन-मरणाचं अंतर होतं. माझी तक्रार एवढीच की पुस्तकाचं हे लक्ष माणसांपाशी संपतं. ते स्वाभाविक आहे, पुस्तक शोकाचं आहे. पण माणसासाठी काळं आणि जंगलासाठी हिरवं, असे एकाच आगीत दोन उलटे आसरे असतात. व्यवस्था त्यांतला पहिलाच ओळखते, कारण त्याच्यामागे घोषणा, प्रशिक्षण आणि अशी पुस्तकं उभी आहेत. दुसऱ्याला साधा रकानाही नाही. वस्तीजवळचं बेट जाळावंच लागेल, पण वस्तीपासून चाळीस किलोमीटर आत, ओढ्याकाठचं जुनं रान जाळताना 'याच्याशिवाय दुसरं बी किती दूर आहे?' हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. नकाशात भोक असेल तरच तो विचारला जाईल.

खांडववनातले सहा जण

चौथं कथन आपल्या घरातलं. खांडवदहनाचा प्रसंग आदिपर्वाच्या शेवटी येतो. अग्नी ब्राह्मणाच्या रूपात येऊन कृष्ण-अर्जुनाकडे वन मागतो आणि ते दोघं त्याला ते जाळू देतात. पळणाऱ्या प्राण्यांना मारून परत आगीत ढकलतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये मयसभेबद्दल लिहिताना या प्रसंगाभोवतीचं तेज काढून टाकलं आणि तो क्रूर संहार होता, हे स्वच्छ सांगितलं. ते वाचल्यानंतर खांडवदहन पूर्वीसारखं वाचता येत नाही.

पण महाभारत इथे आणखी एक गोष्ट करतं. ते वाचलेल्यांची यादी देतं. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एकूण सहा. प्रत्येक जण का वाचला याचं वेगळं कारणही देतं. अश्वसेनासाठी त्याच्या आईनं जीव दिला आणि इंद्रानं वादळ सोडलं. मयानं अर्जुनाकडे अभय मागितलं. पिल्लांच्या बापानं आधीच अग्नीची स्तुती करून ठेवली होती. आणि पुढे काय होतं? मय पांडवांसाठी सभा बांधतो, तिथे दुर्योधनाची फजिती होते, आणि तिथून वाट द्यूताकडे जाते. अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर परत येतो. जळालेलं वन पुन्हा कथेत येत नाही. न जळालेले मात्र पुढचं कथानक हलवत राहतात. बॅम्बीच्या कटमध्ये गायब झालेला भाग तो हाच.

पिल्लांची गोष्ट तर आसऱ्याबद्दलच आहे. आग जवळ येते. आई जरिता पिल्लांना म्हणते, उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं नकार देतात. बिळात उंदीर आपल्याला नक्की खाईल. आगीचं काय, वारा फिरला तर कदाचित वाचूही.

हा संवाद ऑस्ट्रेलियाच्या कांगारू आयलंडवर जवळजवळ जसाच्या तसा घडला. २०१९-२० च्या वणव्यांत सुमारे निम्मं बेट जळालं. तिथे डनार्ट नावाचा उंदराएवढा, किडे खाणारा, पिशवीवाला प्राणी आहे. तो जगात फक्त याच बेटावर आढळतो, आणि त्याच्या अधिवासाचा बहुतेक भाग आगीत गेला. उरलेले डनार्ट न जळलेल्या तुकड्यांत गोळा झाले. पण भुकेली, रानात मोकाट झालेली मांजरंही तिथेच येणार होती. पकडलेल्या काही मांजरांच्या पोटात डनार्टचे अवशेष सापडले. शेवटी एका न जळलेल्या तुकड्याभोवती मांजरांना ओलांडता येणार नाही असं कुंपण घालावं लागलं. आसरा नुसता उरून भागत नाही, त्यात आणखी कोण शिरलं हेही बघावं लागतं. जरितेच्या पिल्लांना हे कळलं होतं. 'बॅम्बी'च्या बेटावर मात्र सगळे गुण्यागोविंदानं उभे आहेत.

पुढची बातमी वाचताना

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे डोंगर जळत असतात. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहांवरून आगीचे इशारे पाठवतो. त्यातल्या व्हीआयआयआरएस या सेन्सरचा पिक्सेल ३७५ मीटरचा. म्हणजे आपल्या नकाशावरचा एक लाल ठिपका जवळपास वीस फुटबॉल मैदानांइतक्या जागेबद्दल फक्त 'इथे कुठेतरी आग आहे' एवढं सांगतो. आपली पानझडी रानं पाइनची जंगलं नव्हेत. इथली आग बहुधा माणसानं लावलेली आणि गवत-पाचोळ्यातून जाणारी, आणि इथली कित्येक झाडं बुंध्यातून पुन्हा फुटतात. यलोस्टोनचे २०० मीटर सह्याद्रीत जसेच्या तसे आणता येणार नाहीत. इथली अंतरं इथेच, चालत जाऊन मोजावी लागतील.

पण प्रश्न आणता येतो. 'किती जळालं' हा आगीबद्दलचा प्रश्न आहे आणि बातमी तिथे थांबते. 'प्रत्येक जळालेल्या जागेपासून जिवंत रान किती दूर आहे' हा जंगलाबद्दलचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला लागणारी उपग्रहचित्रं फुकट मिळतात, आणि हे अंतर काढणारा कोड दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलालाही लिहिता येईल. लहान पुंजक्यांसाठी मात्र पायीच जावं लागेल. पुढच्या वेळी फोनवर लाल डागाचा नकाशा आला की त्यात भोकं दाखवली आहेत का ते बघा. दाखवली नसतील, तर तो नकाशा काढणाऱ्यांना विचारा.